कुलपाआड लिहिलेला बिनकुलपाचा खेळ

१. एरंडोलची एक जुनी ओळख आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. हे कागदाचे गाव होते. इंग्रजी अमदानीतल्या 'इम्पीरियल गॅझेटियर'मध्ये एरंडोलविषयी जी थोडकी माहिती आहे, तिच्यात येथील जाडाभरडा देशी कागद पूर्वी नावाजलेला होता आणि तो धंदा अजूनही काहीसा टिकून आहे, अशी नोंद आढळते. या कागदाचा संगणकावरील खेळांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. घरगुती संगणकाच्या पहिल्या दशकात कितीतरी खेळ कागदावरून प्रवास करीत होते, आणि जे कागदावर उतरते ते वाचता येते.

२. या धाग्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: खेळ फुकट असणे वेगळे आणि खेळ मोकळा असणे वेगळे. फुकट खेळाला पैसे पडत नाहीत. मोकळ्या खेळाच्या आत शिरून तो कसा चालतो हे पाहता येते, आणि हवे तर बदलताही येते. संगणकाच्या इतिहासात असा एक काळ होता, जेव्हा यंत्रासोबत मिळणारा खेळ फुकटही असे आणि मोकळाही. संगणक तालुक्याच्या गावी सर्वसामान्यांच्या हाती आला, तोवर हा काळ सरून गेला होता. खानदेशासारख्या प्रदेशाचे खरे नुकसान या चुकलेल्या वेळेत आहे, आणि त्याची नोंद अद्याप कोणत्याही इतिहासात झालेली नाही.

३. उदाहरणादाखल एकच खेळ घेऊ. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याची सर्वांत साधी आवृत्ती १,५६५ डॉलरची होती. तिच्यात १६ किलोबाइट स्मृती होती, आणि घरच्या दूरदर्शन संचाला व कॅसेट रेकॉर्डरला ती जोडता येई. या यंत्राच्या डॉस प्रणालीच्या फ्लॉपीवर नमुन्यादाखल काही छोटे प्रोग्राम दिलेले होते. त्यांतला एक म्हणजे 'डाँकी'. दोन पदरी रस्त्यावर एक गाडी चालली आहे. समोर अकस्मात गाढव येते. कळ दाबून पदर बदलला तर गाडी वाचते, नाही तर धडक. गुण दोघांनाही मिळतात, चालकालाही आणि गाढवालाही. ज्या एरंडोलमधून जुना राष्ट्रीय महामार्ग ६ जातो, तेथे या खेळाची कथा कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

४. हा खेळ बिल गेट्स आणि नील कॉन्झेन यांनी लिहिला. गेट्स यांनी पुढे सांगितलेली हकिकत मोठी बोलकी आहे. यंत्र अद्याप गुप्त होते, म्हणून ते कुलूपबंद खोलीतच ठेवावे असा आयबीएमचा आग्रह होता. कुलूप असलेली जागा म्हणजे एक लहानशी अडगळीची खोली. तिच्यात उष्णता १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाई, आणि तेथे पहाटे चार वाजता हे दोघे काम करीत होते. (शंभर अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस, वैशाखातल्या खानदेशाला हा आकडा सौम्यच वाटेल.) यंत्रातल्या बेसिक भाषेला काय काय करता येते हे दाखवणे, एवढाच या खेळाचा हेतू होता.

५. ज्या खोलीला कुलूप होते, तीतून बाहेर पडलेल्या खेळाला मात्र कुलूप नव्हते. 'डाँकी' बेसिकमध्ये लिहिलेला होता आणि तसाच वाटला गेला. तो उघडून 'लिस्ट' ही आज्ञा दिली की सबंध खेळ ओळीओळीने पडद्यावर उतरे. कोणती ओळ रस्ता काढते, कोणती गाढव आणते, कोणती ध्वनी वाजवते, हे कोणालाही दिसे. ओळ बदलून 'रन' म्हटले की बदललेला खेळ सुरू होई. त्यासाठी निराळे साधन, निराळा परवाना वा निराळे शिक्षण लागत नव्हते. खेळणे आणि वाचणे यांच्यामध्ये एका शब्दाचे अंतर होते.

६. वाचल्यावर काय हाती लागते, याचा एक नमुना. गाडी दोन पदरांपैकी एकात असते. एका पदरासाठी तिची आडवी जागा ११०, दुसऱ्यासाठी १४२. पदर बदलण्यासाठी प्रोग्राममध्ये 'गाडी डावीकडे असेल तर उजवीकडे न्या, उजवीकडे असेल तर डावीकडे न्या' असा पाल्हाळ नाही. गाडीची जागा २५२ मधून वजा करायची, एवढीच आज्ञा आहे. ११० वजा केले की १४२ येतात, १४२ वजा केले की ११०. शाळेत वजाबाकी शिकलेल्या मुलाला हे कळते. आणि कळल्यावर वजाबाकीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते. खेळ चांगला की वाईट हा प्रश्न येथे गौण आहे.

७. खेळ वाईटच होता, हे सांगितले पाहिजे. ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश चमूतील अँडी हर्ट्झफेल्ड यांनी त्याची मनसोक्त टर उडवली आहे. आयबीएमचे यंत्र बाजारात येताच त्यांच्या चमूने ते विकत आणले. त्यातली ओबडधोबड चित्रे आणि गाढव म्हणून अवतरणारा तपकिरी ठिपका पाहून ती मंडळी हसली. मग त्यांनी प्रोग्राम उघडला. प्रारंभीच लेखकांची नावे होती, आणि त्यांत एक नाव खुद्द गेट्स यांचे होते. या किश्शातली खरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: प्रतिस्पर्ध्यालाही तो खेळ उघडून वाचता आला, आणि म्हणूनच हसता आले. ज्या वस्तूच्या आत पाहता येत नाही, तिच्यावर अशी जाणकार टीका करता येत नाही.

८. 'डाँकी' एकटा नव्हता. १९७७च्या ॲपल-२ यंत्रासाठी स्टीव्ह वॉझनियाक यांनी भिंतीच्या विटा फोडण्याचा चेंडूफळीचा खेळ बेसिकमध्येच लिहिला. १९८२च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमसोबत 'होरायझन्स' नावाची कॅसेट येई. तिच्यातही असाच भिंत फोडण्याचा खेळ होता. ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रोसोबत मिळणाऱ्या 'वेलकम' कॅसेटवरही चेंडूफळी होती. कंपन्या निरनिराळ्या, देश निरनिराळे, पण समज एकच: यंत्र विकत घेणारा माणूस त्याच्याशी बोलणार आहे, तेव्हा संभाषणाचा एक नमुना त्याच्या हाती दिला पाहिजे.

९. येथे कागद येतो. डेव्हिड आल यांचा बेसिकमधील खेळांचा संग्रह प्रथम १९७३ मध्ये निघाला. १९७८ मध्ये त्याची घरगुती संगणकांसाठी सुधारलेली आवृत्ती आली आणि तिचा खप दहा लाखांवर गेला. त्यात खेळ होते म्हणजे छापील ओळी होत्या. वाचकाने त्या एकेक करून यंत्रात उतरवायच्या. स्वल्पविराम चुकला तर खेळ चालत नसे; मग चूक शोधायची. जुन्या बखरीची नक्कल करणाऱ्या लेखकाला बखर जशी पाठ होत असे, तसा उतरवणाऱ्याला खेळ आतून माहीत होई. आपल्याकडे पोथ्या आणि दप्तरे शतकानुशतके हातानेच उतरवली गेली. एरंडोलच्या कागदाला हा व्यवहार परका वाटला नसता.

१०. भारतात हे सारे कोठवर पोहोचले? नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण आले. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, संगणक साक्षरतेची 'क्लास' ही शालेय योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. देशभरातल्या अवघ्या २५० शाळांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. हे यंत्र चालू करताच पडद्यावर बेसिक भाषा हजर होई. दुसरे काही मध्ये नसे. घरगुती वापरासाठी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम' हे स्पेक्ट्रमचे परवानाधारक भारतीय रूप बाजारात आणले. पुढे आयबीएमच्या धर्तीची भारतीय यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर जीडब्ल्यू-बेसिक आले. अनेक शाळांमधून ते पुढे कित्येक वर्षे शिकवले गेले.

११. ते शिकवले जाई तेही बरेचसे कागदावर. यंत्रे थोडी, मुले फार. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, शिक्षकांना दाखवायचा आणि पाळी आली की यंत्रावर उतरवायचा. 'प्रॅक्टिकलची वही' ही त्या पिढीची एक संस्थाच होती. या पद्धतीला दारिद्र्याची खूण म्हणून हिणवले जाते. ते दारिद्र्य होतेच. परंतु त्यामुळे प्रोग्राम ही वाचण्याची, लिहिण्याची आणि डोक्यात चालवून पाहण्याची गोष्ट आहे, हा संस्कारही झाला. यंत्रासमोर न बसता प्रोग्राम समजून घेणारी ती बहुधा शेवटची पिढी.

१२. १९९१ मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीसोबत क्यूबेसिक आले आणि त्याबरोबर दोन खेळ: 'निबल्स' हा सापाचा आणि 'गोरिलाज'. दुसऱ्यात शहरातल्या इमारतींवर उभे असलेले दोन गोरिला एकमेकांवर स्फोटक केळी फेकतात. खेळाडूने फेकीचा कोन आणि वेग सांगायचा. वारा आणि गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब त्याचा त्याने करायचा. गुरुत्वाकर्षण किती असावे हेही खेळ आधी विचारून घेई. शिवाय प्रोग्रामच्या माथ्यावरच सूचना होती की, खेळ फार जलद वा फार संथ वाटला तर खाली दिलेला अमुक आकडा बदलावा. म्हणजे आत या आणि हात लावा, असे आमंत्रणच. केळीचा जिल्हा म्हणून देशभर ठाऊक असलेल्या जळगावसाठी याहून अनुरूप गणिताचे पुस्तक शोधून सापडले नसते.

१३. ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर याच जिल्ह्यातले पाटण आठवावे. चाळीसगावजवळच्या या ठिकाणी १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला मिळालेल्या दानांची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक माकडांचे उदाहरण आहे. शंभर हात उंच झाड, दोनशे हातांवर विहीर. एक माकड झाडावरून उतरून चालत विहिरीशी जाते. दुसरे आधी वर उसळी घेते आणि तेथून तिरपी झेप टाकते. दोघांनी कापलेले अंतर सारखे. तर उसळी किती? उत्तर पन्नास हात. ग्रंथाची रीत अशी की आधी सूत्र, मग उदाहरण. कोडे आणि त्याची किल्ली एकाच पोथीत. 'गोरिलाज'ची रीत हीच होती.

१४. मात्र झाकण बंद होण्यास आरंभ झाला होता. १९९०च्या विंडोज ३.० सोबत पत्त्यांचा 'सॉलिटेअर' आला. वेस चेरी या प्रशिक्षणार्थी तरुणाने तो लिहिला आणि त्याचे स्वामित्वधन त्याला कधी मिळाले नाही. जगात कोट्यवधींनी तो फुकट खेळला. त्याच्या आत काय आहे हे मात्र त्यांतल्या कोणालाही पाहता आले नाही. पुढच्या काही वर्षांत संगणक सुरू केल्यावर समोर भाषा येईनाशी झाली. तिच्या जागी चित्रे आली. क्यूबेसिक सीडीच्या एका कोपऱ्यात गेले आणि नंतर तेथूनही नाहीसे झाले. त्याच दशकात गावोगावच्या टीव्हींना जपानी फॅमिकॉमच्या नकला जोडल्या गेल्या. '९९९९ खेळ' असे छापलेली काडतुसे त्यांत बसवली जात. त्यांत खरे खेळ मोजकेच, आणि वाचण्याजोगा एकही नाही.

१५. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावी, एरवी संगणकाचे दर्शनही न होणाऱ्या असंख्य तरुणांना त्यामुळे कळफलकाचा पहिला स्पर्श झाला, हे ऋण मान्य करायला हवे. पण तो संगणक विंडोजचा होता. त्यावर पत्र लिहिता येई, तक्ता मांडता येई आणि 'सॉलिटेअर' खेळता येई. खेळ उघडून पाहण्याची सोय त्यात उरली नव्हती. ज्या मुलाने पुण्या-मुंबईत १९८६ मध्ये संगणक पाहिला आणि ज्याने तालुक्याच्या गावी २००२ मध्ये पाहिला, त्यांच्यात केवळ सोळा वर्षांचे अंतर नव्हते. पहिल्याला यंत्राने विचारले, काय करू? दुसऱ्याला सांगितले, यांतले एक निवड.

१६. यावर काही आक्षेप रास्त आहेत. पहिला भाषेचा. खेळ मोकळा होता, पण इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला तो कितपत मोकळा? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. छोटा खेळ वाचण्यास लागणारे बेसिकचे शब्द काही डझनांच्या घरात आहेत. क्रिकेटचे त्याहून अधिक इंग्रजी शब्द खानदेशातली मुले अहिराणी बोलता बोलता बिनचूक वापरतात. शब्द परका असल्याने अडत नाही. तो हाताळायला न मिळाल्याने अडते.

१७. दुसरा आक्षेप गेट्स यांच्याविषयीचा. ज्यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये छंदी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून बेसिकच्या फुकट नकलांना चोरी ठरवले, त्यांना मोकळेपणाचे श्रेय कसे द्यावे? द्यायचेच नाही. 'डाँकी' मोकळा होता, पण तो चालवणारी बेसिकची यंत्रणा बंदच होती. जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ मजकूर मायक्रोसॉफ्टने खुला केला तो २०२० मध्ये. खेळ उघडा राहिला तो औदार्यामुळे नाही. बेसिकची विक्री व्हावी म्हणून बेसिकचे सामर्थ्य दाखवणे भाग होते. इतिहासात चांगल्या गोष्टी पुष्कळदा अशाच, धंद्याच्या सोयीने घडतात. म्हणूनच त्या टिकण्यासाठी कोणाच्या सोयीवर विसंबून चालत नाही.

१८. तिसरा आक्षेप: प्रत्येकाने प्रोग्राम वाचण्याची गरज काय? गरज नाही. प्रत्येक वाचक लेखक होत नाही, म्हणून कोणी पुस्तके कुलपात ठेवत नाही. आज हातातल्या फोनवर हजारो खेळ फुकट आहेत. त्यांची किंमत जाहिरातींतून आणि खेळणाऱ्याच्या माहितीतून वसूल होते. खेळाच्या आत पाहण्याची वाट बंद आहे, उलट खेळच खेळणाऱ्याच्या आत पाहतो आहे. याला पर्याय नाही असे नाही. एमआयटीत घडलेल्या 'स्क्रॅच'मध्ये प्रत्येक खेळाच्या आत डोकावण्याची सोय आहे. शाळांनी तिचा उपयोग केला, तर 'डाँकी'चा वारसा एरंडोलच्या मुलालाही मिळेल, आणि तोही त्याच दिवशी, सोळा वर्षांनी नाही.

१९. आता इतिहासाच्या अभ्यासकांचे काम. खानदेशाने हे काम एकदा पाहिले आहे. इतिहासाचार्य राजवाडे माळ्यावरची, फडताळातली, रद्दीत निघालेली दप्तरे गोळा करीत महाराष्ट्रभर हिंडले, आणि १९२६ मध्ये त्यांचे देहावसान झाल्यावर पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या कागदांना त्यांच्या मालकांनी रद्दी मानले, त्यांवर आज मराठ्यांचा इतिहास उभा आहे. संगणकाच्या पहिल्या पिढीचे कागद आज त्याच अवस्थेत आहेत. प्रॅक्टिकलच्या वह्या, हाताने उतरवलेले खेळ, सवा पाच इंची फ्लॉप्या, बेसिकच्या ओळी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर ओलाव्याने आणि बुरशीने जातो. वही त्याहून अधिक टिकते, पण रद्दीवाला दारी आला की तिचेही आयुष्य संपते.

२०. या वस्तूंना राजघराण्याच्या सनदेचे मोल नाही. तरीही, एखाद्या वहीत कोणी गाढवाऐवजी बैल काढला असेल, पदर बदलण्याची कळ बदलली असेल किंवा गुणांच्या जागी मराठी नावे घातली असतील, तर तो या प्रदेशाने यंत्राला दिलेला पहिला प्रतिसाद आहे. तरुण वाचकांनी आपल्या गावातल्या निवृत्त शिक्षकांकडे, शाळांच्या अडगळीच्या खोल्यांकडे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पेट्यांकडे एकदा वळावे. सापडलेल्या पानाचे छायाचित्र घ्यावे. वहीवरचे वर्ष, शाळेचे गाव आणि यंत्राचे नाव टिपून ठेवावे. मूळ वही मालकाकडेच राहू द्यावी, पण ती रद्दीत जाऊ देऊ नये. कागदाच्या गावाला एवढे अवघड नाही.